मुंबईत उतरायचं कुठे? आमचं उत्तर : भायखळा



दारफाळणीचा सण उलटला, सुक्का मोडून फळ्या गच्चीवर गेल्या, की आपल्या घरांतून एकच बोलणं सुरू होतं. हनुक्काच्या सुट्टीत भारतात जायचं. मुलं मोठी झालीत, नातवंडांना ‘होदू’ बघायचंय, आजी-आजोबांचे गुडघे आणखी एक प्रवास सोसतील असं वाटतंय. मग व्हॉट्सॲपवर प्रश्न येतात. मुंबईत कुठे उतरावं? चार दिवसांत काय काय पाहून होईल? आणि उत्तरंही ठरलेली येतात. कुलाब्यात उतरा, सगळं जवळ पडतं. नाहीतर विमानतळाजवळ उतरा, सोयीचं पडतं. बघायला गेटवे, ताज, राणीचा हार, एखादा मॉल आणि ‘जमलंच तर’ एखादी मशीद.

आमचं म्हणणं यापेक्षा वेगळं आहे. दुसरा कोणी प्रवासी असता तर कुलाबा आम्हीही सांगितला असता. पण बेने इस्राएल घराने मुंबईत भायखळा, आग्रीपाडा, माझगाव या पट्ट्यात उतरावं, आणि हातात पाच रात्री असतील तर त्यांतल्या दोन खाडीपलीकडे अलिबागेत काढाव्या. ताज पाहायला तासभर पुरतो. त्याच्या सावलीत पाच रात्री राहायची गरज नाही.

आधी नेहमीच्या सहलीविषयी. इथल्या एजंटांनी बांधलेल्या सहलीत दिल्ली, आग्रा, जयपूर, गोवा असतं आणि मुंबई शेपटीला दीड दिवस. त्या दीड दिवसात बस एका सिनेगॉगपाशी थांबते, मार्गदर्शक दहा मिनिटं बोलतो, फोटो होतात आणि बस पुढे जाते. अमेरिकेच्या किंवा रशियाच्या यहुदी माणसाला तेवढं पुरत असेल. ज्याच्या आजोबांची सुन्नत त्याच इमारतीत झाली, ज्याच्या आईबाबांचं लग्न तिथल्या वहीत नोंदलेलं आहे, त्याला दहा मिनिटं कशी पुरणार? आपण आपल्याच घरी पाहुण्यासारखे जातो, उंबऱ्यावरून आत डोकावतो आणि परत फिरतो.

उतरायची जागा महत्त्वाची ती यासाठीच. माणूस जिथे झोपतो, तिथेच सकाळी चहा घेतो, संध्याकाळी पाय मोकळे करतो, तिथल्या दुकानदाराशी दोन शब्द बोलतो. कुलाब्यात झोपलात तर सकाळी भेटतील ते इतर प्रवासी आणि फुगे विकणारे. भायखळ्यात झोपलात तर सकाळी खाली उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं, की तुमच्या आजोबांची पावलं ज्या रस्त्यांवर पडली ते रस्ते लागतात.

आपले लोक मुंबईत आले ते कुलाबा जिल्ह्यातल्या गावांतून, अठराव्या शतकापासून. कोणी कंपनीच्या पलटणीत भरती झाले, कोणी सुतार, कोणी गवंडी, पुढे कारकून, रेल्वेवाले, गिरणीवाले. पहिली वस्ती मांडवी-डोंगरीकडे, बंदराजवळ. त्या वस्तीतल्या सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी, म्हणजे समाजी हसाजी दिवेकरांनी, 1796 साली मुंबईतली पहिली मशीद बांधली. तीच आपली शआर हारहमीम, ‘जुनी मशीद’. दिवेकर कंपनीच्या पलटणीत अधिकारी होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. कैदेतून सुटलो तर मशीद बांधीन असा नवस त्यांनी केला, ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. टिपूच्या आईने ‘बनी इस्राईल’ हे नाव कुराणात ऐकलेलं होतं, म्हणून जीव वाचला, असंही सांगतात. पुढे मशिदीसाठी सेफर तोरा आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले. 1860 साली मशीद आताच्या जागी आली. रस्त्याला अजून सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. शेजारच्या मशीद बंदर स्टेशनचं नाव या आपल्या मशिदीवरूनच पडलं, असं आपल्यात पिढ्यान् पिढ्या मानतात. लोकलमधून रोज लाखो माणसं ‘मसजिद’ अशी घोषणा ऐकतात, त्यांच्या मनात हे येतही नसेल. तुमच्या नातवंडांना मात्र ही गोष्ट त्याच स्टेशनच्या फलाटावर उभं राहून सांगता येईल.

तिथे जायचं तर रविवारी सकाळी जावं. इतर दिवशी तो सगळा भाग घाऊक बाजाराचा. हातगाड्या, पाठीवर पोती घेतलेले हमाल, ‘बाजू, बाजू’ असा ओरडा, आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय कुठे पडेल याचा नेम नाही. रविवारी बाजार निम्मा बंद असतो, रस्ता दिसतो. जवळच इस्राएल मोहल्ला. नाव राहिलंय, इस्राएल फार थोडे राहिलेत. त्याच भागात 1840 सालची शआरे रासोन, ‘नवी मशीद’. दीडशे वर्षं उलटून गेली तरी ती नवीच. आपल्या लोकांना नाव बदलायची घाई नसते.

मांडवी गच्च भरली तशी माणसं उमरखाडीतून भायखळ्याकडे, माझगावकडे, आग्रीपाड्याकडे सरकली. त्यामुळे या पट्ट्यात पायी फिरलं तरी समाजाचा अर्धा इतिहास पाहून होतो. आग्रीपाड्यात मोरलँड रोडवर मागेन हासिदीम. सात रस्त्यावर, जेकब सर्कलपाशी, तिफेरेथ इस्राएल. (जेकब सर्कल हे नाव ऐकून इथली पोरं खूश होतात. तो जेकब आपला नव्हे, इंग्रज लष्करी अधिकारी होता. आता त्या चौकाला संत गाडगे महाराजांचं नाव आहे.) माझगावला सर एली कदूरी हायस्कूल. 1875 साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘इस्राएली स्कूल’ म्हणून ते सुरू केलं. ज्या केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तेच हे. ते पुस्तक छापून निघालं ते 1937 साली, तेल अवीवमध्ये, लेखक जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. आज त्या शाळेत आपली मुलं जवळजवळ नाहीत. वस्तीतली इतर मुलं शिकतात, आणि चांगली शिकतात. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. शाळा भरलेली आहे, यापेक्षा शाळेला आणखी काय हवं?

भायखळ्याच्या मागेन डेव्हिडकडे कोणीही बोट दाखवेल, तो निळा मनोरा लपत नाही. 1864 साली डेव्हिड ससून यांनी ती बांधली. ती बगदादी लोकांची. बगदादी आणि आपण यांच्यात सगळंच गोडीगुलाबीचं नव्हतं. आपल्या माणसांना मिन्यानात धरायचं की नाही यावरून तिथे वाद झालेले आहेत, आणि हे नातवंडांना सांगायला हवं. पण आज त्याच मागेन डेव्हिडचे बाक भरतात ते बहुतेक आपल्याच माणसांनी, हेही त्यांना सांगा. ससूनांचं राहतं घर, ‘सां सूसी’, ते आजचं मसीना हॉस्पिटल. राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे तो खरा ‘काळा घोडा’, अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला, 1965 साली फोर्टातून हलवलेला. लहान मुलं असतील तर बागेतले पेंग्विन पाहून त्यांचा अर्धा दिवस छान जातो. बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद, तेवढं लक्षात ठेवा.

आता हरकती. त्या आम्ही तोंडपाठ ऐकल्या आहेत.

पहिली अशी, की भायखळा गलबल्याचा, गर्दीचा, घाणेरडा. गलबला आहे. गर्दीही आहे. पण मुंबईत ज्याला शांतता हवी, त्याने मुंबईला न जाता एलातला जावं. भायखळा, माझगाव, मुंबई सेंट्रल या भागांत मध्यम दर्जाची, स्वच्छ, लिफ्टवाली हॉटेलं मिळतात. पंचतारांकित फार नाहीत. खोली रस्त्याकडची न मागता मागच्या बाजूची मागा. आगाऊ पैसे भरण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. लिफ्ट तळमजल्यापासून आहे की सहा पायऱ्या चढून? न्हाणीघरात उंच कमोड आणि धरायला दांडी आहे का? वीज गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते का? आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा मुंबईत केला, नोकरीची निम्मी वर्षं तिथल्या वॉर्डांत आणि निम्मी इथल्या वॉर्डांत काढली. सत्तरीतला माणूस प्रवासात पडतो तो रस्त्यावर कमी, ओल्या न्हाणीघरात जास्त. इंटरनेटवरच्या फोटोत खिडकीतला समुद्र दिसतो, न्हाणीघराचा उंबरा दिसत नाही.

दुसरी हरकत तब्येतीची. इथे तर भायखळ्याची बाजू भक्कम आहे. जे. जे. हाकेवर, मसीना तिथेच, नायर मुंबई सेंट्रलला. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. कुपतीकडून औषधांची यादी इंग्रजीत छापून घ्या, हिब्रू यादी तिथल्या डॉक्टरला वाचता येणार नाही. पाणी बाटलीचं, बर्फ नको, कापून ठेवलेली फळं नकोत. एवढं पाळलं तर बाकी पोटाला फार जपू नये. आपलंच पोट आहे, ते ओळख विसरलेलं नाही.

तिसरी हरकत खरी आहे. कोशेर. ज्या घरात कश्रुत कडक पाळतात, नवे जावई-सुना दाती घरांतल्या आहेत, त्यांनी कुलाब्यात हबादच्या जवळ उतरावं, आम्ही त्यांच्याशी वाद घालणार नाही. 26 नोव्हेंबर 2008च्या हल्ल्यात त्या घरात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते घर पुन्हा उभं राहिलं, तिथे जेवण मिळतं, तिथे जाऊन दोन मिनिटं उभं राहणंही होतं. पण आपल्यातली बहुतेक घरं तिथे जशी वागत आली तशीच वागतात. मटण-कोंबडी बाहेर खायची नाही, शाकाहारी थाळी घ्यायची, खवल्यांचा मासा चालतो, कोलंबीकडे बघायचं नाही. असं जेवण भायखळ्यात काय आणि कुलाब्यात काय, सारखंच मिळतं, आणि भायखळ्यात स्वस्त मिळतं.

चौथी गोष्ट हरकत नाही, सवय आहे. ‘आम्ही मामांकडेच उतरू, हॉटेल कशाला?’ मामा आता ब्याऐंशीचे. मामीची पाठ धरलेली. ठाण्यातल्या दोन खोल्यांत तुम्ही सहा जण, आठ बॅगा. ते नाही म्हणणार नाहीत. मामी पहाटे चारला उठून नारळ खरवडेल, तुमच्यासाठी मलिद्याचं ताट मांडेल, गव्हाच्या चिकाचा हलवा ढवळत तासभर उभी राहील, आणि तुम्ही निघाल्यावर आठ दिवस अंथरूण धरेल. दिवसभर त्यांच्याकडे जा, जेवा, गप्पा मारा, त्यांना बाहेर घेऊन चला. झोपायला हॉटेलात या. फारच जवळ राहावंसं वाटत असेल तर ठाण्यातच हॉटेल घ्या. भायखळ्यानंतर आमची पसंती ठाण्याला. समाजाचा मोठा भाग आता तिथे आणि आसपास आहे, टेंभी नाक्याकडची 1879 सालची शआर हाशामाईम भरलेली असते, आणि लोकल आहेच.

फोर्टाकडे एक दिवस पुरे. काळा घोड्याची केनेसेथ एलियाहू पाहा. 1884 सालची, 2019 साली डागडुजी होऊन पुन्हा झळाळली आहे, रंगीत काचांतून सकाळी उजेड येतो तेव्हा जावं. शेजारी डेव्हिड ससून लायब्ररी. मग बोरीबंदरची इमारत, ती कोणालाही सांगावी लागत नाही. पण तिथून जवळच आझाद मैदानाकडे वळलात की कामा हॉस्पिटल आहे, आणि तिथे आम्ही तुम्हाला थांबवणार.

कामा हॉस्पिटल 1886 साली बायका-मुलांसाठी सुरू झालं. डॉ. जेरुशा झिराड आपल्या. आडनावच सांगतं, अलिबाग तालुक्यातलं झिराड गाव. त्यांनी विलायतेत शिकून स्त्रीरोगतज्ज्ञाची पदवी घेतली आणि पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, अशा काळात जेव्हा त्या खुर्चीवर हिंदी बाई बसलेली कोणी पाहिली नव्हती. 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या पिढीच्या बेने इस्राएल मुली नर्सिंगला गेल्या, त्याचं एक कारण त्या होत्या. घरात बाप नाराज असला की आई म्हणायची, जेरुशाबाईंचं नाव ऐकलंय ना? एवढं पुरायचं. मुंबईच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात त्या काळी गेलात तर एखादी तरी पेणकर नाहीतर आवासकर सिस्टर भेटायचीच. कुठल्याही मार्गदर्शकाच्या यादीत कामा हॉस्पिटल नाही. तुमच्या यादीत असू द्या. आत गर्दी करू नका, ते चालू हॉस्पिटल आहे, बाळंतिणी असतात. फाटकासमोर उभं राहून नातीला सांगा, तेवढं पुष्कळ.

डॉ. ई. मोझेस रोडवरून टॅक्सी जाईल तेव्हा ड्रायव्हरला नाव मुद्दाम वाचायला सांगा. एलायजा मोझेस 1937 साली मुंबईचे महापौर झाले, तेही आपलेच. त्याच रस्त्यावर आपलं कबरस्तान आहे. त्याविषयी शेवटी.

ज्यासाठी आम्ही हे सगळं लिहायला बसलो ते आता. शब्बाथ.

मुंबईतला शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार हा वेळ तुमच्या सहलीतून कापून काढू नका. हॉटेल असं निवडा की मशिदीला चालत जाता येईल. भायखळ्याचा आग्रह यासाठीच. भारतात आता आपण चार-पाच हजारांच्या आसपास उरलो आहोत, त्यांतले बरेच म्हातारे. काही मशिदींतून मिन्यान जमवायला गबाईंना फोन करत बसावं लागतं. नऊ माणसं आलेली असतात आणि दहाव्याची वाट बघत हजान घड्याळाकडे पाहतो. त्या वेळी अश्दोदहून, लोदहून, दिमोनाहून आलेले तुमचे तीन पुरुष कुलाब्याच्या हॉटेलात नाश्त्याच्या रांगेत उभे असतात. हे आम्हाला खुपतं. पैशाची देणगी तुम्ही देता, द्या, छपरं गळतात. पण शनिवारी सकाळी दहावा माणूस होणं ही देणगी चेकने पाठवता येत नाही. तुमच्या तेरा-चौदा वर्षांच्या नातवाला तिथे तोरा वाचायला उभा करा. इथे तो शाळेत वाचतो तेव्हा कोणी वळून बघत नाही. तिथे बायकांच्या सज्जातून दहा म्हाताऱ्या ओठ हलवत त्याच्याबरोबर वाचतील, आणि नंतर मनुकांच्या शरबतावर किद्दुश झालं की त्याला घेरून विचारतील, ‘कोणाचा रे तू?’ या प्रश्नाचं उत्तर त्याला मराठीत पाठ करवून घेऊन जा. ‘मी अमक्याचा नातू, पणजोबा नांदगावचे.’ एवढं एक वाक्य.

आणि तिथे गेल्यावर एक वाक्य बोलू नका. ‘तुम्ही अजून इथेच? आलिया का नाही केली?’ हे आम्ही इतक्यांदा इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की लाज वाटते. आपण आलो ते आपल्या मनाने, आणि इथे आल्यावर काय काय सोसलं तेही आठवा. 1962 ते 1964 आपल्याला यहुदी म्हणायचं की नाही यावर इथे रब्बी वाद घालत होते, आपल्या आईबापांना उन्हात रस्त्यावर बसावं लागलं, तेव्हा कुठे आपण सर्व बाबतींत यहुदी असल्याचं मान्य झालं. तिथे जे राहिले त्यांनी दिवे लावले, वह्या जपल्या, कबरस्तानांच्या भिंती सांभाळल्या. ज्या मशिदीचे फोटो तुम्ही फेसबुकवर टाकता, ती उघडी आहे त्यांच्यामुळे. त्यांना पाहुण्यांकडून सल्ला नको आहे. सोबत हवी आहे.

फोटोंवरून आठवलं. हल्ल्यानंतर सगळ्या मशिदींवर पोलीस असतात. आधी फोन करून, नावं कळवून, पासपोर्टची प्रत घेऊन जा. एकदा इथून गेलेल्या एका कुटुंबाने फाटकावरच्या शिपायाशी हुज्जत घातली, की ‘आम्ही इस्रायलचे, आम्हाला कोण अडवतो?’ बिचारा शिपाई तुमच्याच जिवासाठी उन्हात उभा असतो. नमस्कार करा, मराठीत बोला, फाटक उघडतं.

वह्यांचंही लक्षात असू द्या. ज्यांना केथुबाची नक्कल, जुन्या लग्नाची नोंद, आजोबांचं हिब्रू नाव हवं असेल, त्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी कुठल्या मशिदीत, साधारण कोणत्या साली, ते पत्राने कळवावं. ऐनवेळी जाऊन ‘सगळ्या वह्या काढा’ म्हणू नये. त्या वह्यांची पानं आता बोटाला लागून तुटतात.

आता अलिबाग. आमच्या मते हे ‘जमलं तर’ नव्हे. सप्टेंबरनंतर गेटवेहून मांडव्याला बोटी सुटतात, पावसाळ्यात त्या बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मोठी रो-रो बोट जाते, गाडीसकट, तासाभरात मांडवा. चाकाच्या खुर्चीतली माणसं घेऊन जायची तर तीच बरी. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. रस्त्याने पेण-वडखळकडूनही जाता येतं, पण समुद्रावरून जावं. आपले पूर्वज त्याच पाण्यातून आले अशी आपली परंपरा आहे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. नवगावला ती जागा आहे, स्मारक आहे, नारळीपोफळी आहेत, पुढे समुद्र. तिथे बोलावं लागत नाही.

आणि मग आडनावांचा खेळ. आमच्या पाहण्यात मुलांना याच्याइतकं काही आवडत नाही. किहीम आलं की किहीमकर, थळ आलं की थळकर, आवास, झिराड, चौल. नटवर्य डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते, हे चौलच्या पाटीखाली सांगा. ‘आलम आरा’ लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर होते, हे पेणला सांगा. इस्रायलमध्ये जन्मलेल्या ज्या पोराने शाळेत आडनावाचा उच्चार नीट होत नाही म्हणून ते बदलून मागितलं, तेच पोर एसटीच्या थांब्यावर देवनागरीत स्वतःचं नाव लिहिलेलं बघतं. त्याला ते वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

अलिबागेत इस्राएल आळीत मागेन आबोथ आहे, मूळची 1848 सालची. आपल्या गावाची मशीद रेवदंड्यात, पेणला, पनवेलला, म्हसळ्याला, अष्टमीला, जिथे असेल तिथे जा. काही वर्षातून एकदाच गजबजतात. खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा टापा, खडकावरच्या रथाच्या खुणा. तिथे मलिदा करायचा असेल तर पोहे, गूळ, नारळ, फळं, गुलाबाच्या पाकळ्या अलिबागच्या बाजारात सकाळी मिळतात, साहित्य मुंबईहून वाहून नेऊ नका. इथे आपण नवस बोलतो, ‘एलियाहू हन्नाबीला मलिदा करीन’, आणि तो बैठकीच्या खोलीत करतो. त्या खडकापाशी बसून केलेल्या मलिद्याची चव वेगळी लागते का, ते तुम्ही जाऊन ठरवा. खडकाजवळ जायला थोडं चालावं लागतं. गुडघ्यांच्या माणसाने सकाळी लवकर जावं, डोक्याला रुमाल बांधावा.

कधी जावं? हनुक्का उत्तम, डिसेंबरात हवा कोरडी आणि रात्री गार. सुक्कोथला ऑक्टोबरची काहिली असते. ऑगस्टात शाळांना सुट्टी असते खरी, पण तेव्हा पाऊस, तुंबलेले रस्ते, बंद बोटी. म्हाताऱ्यांना ऑगस्टात नेऊ नका.

कबरस्तानाविषयी सांगायचं राहिलं होतं. निघण्याआधी घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला विचारून कोण कुठे पुरलेलं आहे, ते कागदावर लिहून घ्या : मराठी नाव, हिब्रू नाव, बापाचं नाव, साल. ‘पिंपळाजवळ’ असं कोणी सांगितलं तर तेही लिहा, पण पिंपळ पडलेला असू शकतो. हश्कावा म्हणायला हजान लागेल, त्यांना शुक्रवार सोडून दिवस विचारा. दोन लिटरची पाण्याची बाटली, एक मऊ ब्रश आणि जुना पंचा बरोबर न्या. तार घासणी नको, अक्षरं जातात. दगडावर मराठी आणि हिब्रू दोन्ही असतं. ओला केला की अक्षर उठून दिसतं, तेव्हाच फोटो काढा.